वाऱ्यावरील पराग आणि त्यांचे नकाशे

पराग म्हटला कीं मराठी मनापुढें कमळ आणि भुंगा यांची जोडी उभी राहते. काव्यांतला पराग सुगंधी असतो, केशरी असतो, आणि वाऱ्यानें तो कितीहि उधळला तरी त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. वैद्यांचा आणि वेधशाळांचा ज्या परागाशीं संबंध येतो तो मात्र या जातीचा नव्हे. ज्या फुलांना रंग आहे, वास आहे, मध आहे, त्यांचा पराग जड आणि चिकट असतो. तो मधमाश्यांच्या पायांना चिकटून प्रवास करतो आणि हवेंत फारसा तरंगत नाहीं. उपद्रव होतो तो ज्यांच्या फुलोऱ्याला कोणी फूल म्हणून ओळखतहि नाहीं अशा वनस्पतींचा. बाजरीचें शेत फुलोऱ्यांत असतां कणसावरून हात फिरविला तर तळव्यावर बारीक पिवळी भुकटी उतरते, हें शेतकऱ्याच्या घरांतील पोरासहि ठाऊक असतें. गवतें, मका, देवदार, भूर्ज या सर्वांचा संसार असाच वाऱ्याच्या भरंवशावर चाललेला असतो. वारा कोठें नेईल याचा नेम नाहीं, म्हणून निसर्ग येथें हात सैल सोडतो. एका कणाचें काम असेल तेथें हजारों कण उधळले जातात, आणि त्यांतील अगदीं थोडे इष्ट स्थळीं पडतात. उरलेल्यांपैकीं कांहीं माणसांच्या नाकांत जातात.

हें नाकांत जाणें पुष्कळांना बाधत नाहीं. कांहींना मात्र बाधतें. शिंकांची माळ लागते, डोळे चुरचुरतात, नाक वाहूं लागतें. इंग्लंडांत या विकाराचें पहिलें व्यवस्थित वर्णन १८१९ सालीं जॉन बोस्टॉक या डॉक्टरानें केलें, आणि तें स्वतःच्याच दुखण्याचें होतें. लोकांनीं त्याला नांव दिलें हे-फीव्हर, म्हणजे वाळल्या गवताचा ज्वर. वस्तुतः त्यांत ज्वर नसतो आणि दोष वाळल्या गवताचाहि नसतो. खरें कारण हुडकून काढण्याचें श्रेय मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांचें. तेहि याच विकारानें पीडलेले होते. त्यांनीं काचेच्या पट्ट्यांवर चिकट द्रव लावून त्या उघड्यावर ठेवल्या, त्यांवर बसलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखालीं मोजले, आणि मोजणीचा आकडा चढला कीं आपली शिंकहि वाढते हें दाखवून दिलें. तेवढ्यानेंहि समाधान न झाल्यामुळें त्यांनीं तशा पट्ट्या पतंगांना बांधून हजार फुटांहून अधिक उंच चढविल्या. भारदस्त डॉक्टर पतंग उडवीत आहेत हें पाहून शेजारच्या मंडळींनीं काय म्हटलें असेल त्याची कल्पना करावी! परंतु त्या पतंगांनीं एक मोठी गोष्ट खालीं आणली. उंच हवेंतहि पराग विपुल सांपडला. म्हणजे धुरानें काळवंडलेल्या गिरण्यांच्या शहरांत जो पराग माणसाला शिंका आणतो, तो त्या शहरांत उगवलेलाच असला पाहिजे असें नाहीं. तो कोसगणती दूर असलेल्या कुरणांतून येऊं शकतो. १८७३ सालीं ब्लॅक्ली यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्या दिवसापासून हा प्रश्न केवळ वैद्यकाचा न राहतां भूगोलाचाहि झाला.

त्यानंतर मोजणीचीं साधनें सुधारलीं. १९५२ सालीं रॉथमस्टेडच्या कृषिसंशोधनकेंद्रांतील जे. एम. हर्स्ट यांनीं एक यंत्र सिद्ध केलें. मूळ हेतु पिकांवरील बुरशीचे बीजाणु पकडण्याचा होता. हें यंत्र मिनिटाला सुमारें दहा लिटर हवा ओढतें, म्हणजे माणूस श्वासावाटे घेतो तिच्याहून कांहीं फारशी अधिक नव्हे. आंत चिकट पृष्ठभाग ताशीं दोन मिलिमीटर गतीनें सरकत असतो. त्यावर कण बसतात, आणि कोणता कण कोणत्या प्रहरीं आला हेंहि त्यांवरून सांगतां येतें. जगांतील बहुसंख्य मोजणीकेंद्रें पुढें याच तत्त्वावर चाललीं. यंत्र उत्तम, पण त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली ही कीं, पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं मोजेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. हातीं येतो तो कालचा आंकडा. दुसरी ही कीं, तो आंकडा एका गच्चीचा असतो. वीस मैलांवरच्या घरीं काय स्थिति आहे आणि उद्यां संध्याकाळीं काय होईल, हे दोन प्रश्न रुग्णाला विचारावयाचे असतात, आणि नेमक्या त्याच दोन प्रश्नांस ही पट्टी उत्तर देत नाहीं.

तें उत्तर नकाशांतून काढावें लागतें. रोग आणि नकाशा यांचें नातें जुनें आहे. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीची साथ आली असतां डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृत्यूचीं घरें नकाशावर मांडलीं आणि तीं एका पाण्याच्या पंपाभोंवतीं गोळा झालेलीं दिसलीं. मात्र स्नो यांचा पंप जागचा हलणारा नव्हता. परागाचा उगम ऋतूबरोबर सरकतो, वाऱ्याबरोबर दिशा बदलतो, पावसानें एका तासांत धुऊन निघतो. म्हणून येथें एक नकाशा पुरत नाहीं. अनेक लागतात, आणि तेहि एकमेकांवर ठेवतां येतील असे. ज्याला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात तिचें मर्म एवढेंच आहे. चित्रकलेच्या वर्गांत मुलें नक्कल उतरविण्यास तलम पारदर्शक कागद वापरतात, तसे समान मापाचे पांचसहा कागद घ्यावे. एकावर कोठें कोणतें गवत वा झाड आहे तें रेखावें, दुसऱ्यावर जमिनीचे चढउतार, तिसऱ्यावर वाऱ्याची दिशा, चौथ्यावर उष्णता व आर्द्रता, पांचव्यावर लोकवस्ती. आणि सर्व चळत दिव्यासमोर धरावी. जेथें गवत आहे, जेथून वारा सुटला आहे आणि जेथें माणसें राहतात, त्या तीन गोष्टी एका रेषेंत आलेल्या तेथें दिसतील. संगणक हेंच काम करतो, फक्त त्याचे कागद तासातासाला बदलत असतात.

यांतील पहिला कागद सर्वांत अवघड. वारा आणि उष्णता यांचीं मापें वेधशाळा गेलीं दीडशें वर्षें घेत आल्या आहेत. पण कोणत्या माळावर कोणतें गवत आज कोणत्या अवस्थेंत आहे, हें कोण सांगणार? येथें उपग्रह उपयोगीं पडले. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेंकतें. या दोहोंचें प्रमाण उपग्रहावरून मोजलें म्हणजे भूमीचा हिरवेपणा आंकड्यांत मांडतां येतो. कुरण दाट हिरवें होऊन मग पिवळटपणाकडे झुकूं लागलें कीं तीं गवतें फुलोऱ्यांत आहेत असा अजमास बांधतां येतो. उपग्रहाला पराग दिसत नाहीं, हें मात्र विसरतां कामा नये. त्याला कुरणाचा रंग दिसतो, आणि रंगावरून परागाचें अनुमान माणसानें करावयाचें असतें.

झाडांच्या बाबतींत काम कांहींसें सोपें आहे, कारण झाड जागचें हलत नाहीं आणि वर्षानुवर्षें टिकतें. जपानांत दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड डोंगरांवर देवदाराच्या जातीचीं सुगी नांवाचीं झाडें प्रचंड प्रमाणावर लावलीं गेलीं. तीं वयांत आलीं आणि फेब्रुवारीपासून शहरेंच्या शहरें शिंकूं लागलीं. तेथील अंदाजकर्ते आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यावर दृष्टि ठेवतात. तो उष्ण आणि सूर्यप्रकाशाचा गेला तर नरफुलांच्या कळ्या पुष्कळ धरतात आणि पुढचा वसंत जड जातो. वनांचे नकाशे तयार असल्यामुळें तेथील सरकारला मुळाशींहि हात घालतां आला. २०२३ सालीं जाहीर झालेल्या योजनेप्रमाणें दहा वर्षांत सुगीच्या लागवडीचें क्षेत्र पांचव्या हिश्शानें घटवावयाचें आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणावयाचा आहे.

गवताच्या बाबतींत असा उपाय नाहीं, आणि गवत काय करूं शकतें याचा सर्वांत दारुण दाखला ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरानें पाहिला. या शहराच्या दक्षिणेस समुद्र. उत्तरेस आणि पश्चिमेस मैलोन्‌मैल कुरणें. या कुरणांत युरोपियन वसाहतवाल्यांनीं गुरांच्या चाऱ्यासाठीं आणलेलें राय नांवाचें गवत माजलें आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरांत पाऊस चांगला झाला कीं तें जोमानें वाढतें आणि नोव्हेंबरांत, म्हणजे तिकडचा उन्हाळा उंबरठ्यावर असतां, फुलोऱ्यांत येतें. समुद्राकडील वारा पराग आणीत नाहीं. उत्तरेचा तापलेला वारा भरभरून आणतो.

ता. २१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. दिवसभर उत्तरेचा ऊन वारा वाहत होता आणि पारा पस्तीस अंशांच्या आसपास गेला होता. घनमीटर हवेंत गवताचे पन्नास परागकण झाले कीं तिकडे ‘अधिक’ आणि शंभर झाले कीं ‘अत्यधिक’ म्हणतात. त्या दिवशीं मोजणी शंभराच्या पुढें गेली. संध्याकाळीं सहाच्या सुमारास पश्चिमेकडून वादळाची फळी आली. थंड वाऱ्याचा झोत शहरावरून गेला आणि उष्णता झपाट्यानें दहा अंशांनीं उतरली. दिवसभर उकडून निघालेलीं माणसें अशा वेळीं काय करतात तें सांगावयास नको. खिडक्या उघडतात, अंगणांत येतात, गार वारा छातीभर घेतात.

त्या वाऱ्यांत मृत्यु होता. पुढील तीस तासांत मेलबर्न व जिलाँग येथील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वासाच्या तक्रारीचे जे रुग्ण आले, त्यांची संख्या नेहमींपेक्षां ३३६५ नीं अधिक होती. रुग्णवाहिका पुरेनात, दूरध्वनीवरील हांका थांबेनात. अखेर या एका वादळाच्या खात्यावर दहा मृत्यु जमा झाले. नंतर ज्या १४३५ रुग्णांची विचारपूस झाली, त्यांत डॉक्टरांनीं दमा असल्याचें निदान केलेले शेंकडा अठ्ठावीसच होते. उरलेल्यांपैकीं बहुतेकांनीं दरवर्षीं वसंतांत चार शिंका दिल्या असतील, यापलीकडे आपणांस श्वासाचा धोका आहे अशी शंकाहि त्यांना कधीं आली नसावी. दुसरी एक गोष्ट हिंदुस्थानांतील घरांना विशेष लागणारी आहे. दम्यासाठीं दाखल झालेल्यांत भारत वा श्रीलंका येथें जन्मलेल्यांचें प्रमाण एरव्हीं शेंकडा एक असे, तें त्या वेळीं शेंकडा दहा झालें. मेलबर्नमध्यें मराठी कुटुंबेंहि पुष्कळ आहेत. परदेशीं स्थायिक झालेल्या माणसाला तेथील अन्न, भाषा, थंडी यांची तयारी करतां येते. तेथील गवताची तयारी करावी असें कोणाच्या स्वप्नींहि येत नाहीं.

यांतील शास्त्रीय कोडें असें कीं, गवताचा परागकण मिलिमीटरच्या तीस-चाळीस हजारांश भागाएवढा असतो. एवढा मोठा कण नाकांत अडकतो. फुप्फुसाच्या खोल नळ्यांपर्यंत पोंचत नाहीं. मग दमा कसा झाला? याचें उत्तर मेलबर्न विद्यापीठांतील ब्रूस नॉक्स, मोहन सिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालींच सुचवून ठेविलें होतें. राय गवताचा कण पाण्यांत भिजला कीं फुगून फुटतो, आणि त्यांतून पिष्टाचे शेंकडों सूक्ष्म दाणे बाहेर पडतात. ते मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाहून मोठे नसतात, आणि बाधक द्रव्य त्यांच्यावर असतेंच. वादळाचा ढग आपल्यापुढील उष्ण हवा वर ओढतो, तिच्याबरोबर पराग वर जातो, तेथें दमट हवेंत तो फुटतो, आणि ढगांतून कोसळणारा थंड झोत तो सर्व चुरा जमिनीवर आणून पसरतो. पराग नेमका कशानें फुटतो, आर्द्रतेनें, विजेच्या कडकडाटानें कीं कणांच्या परस्पर आघातानें, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहेत. घटना मात्र नवी नव्हती. १९८३ सालीं बर्मिंगहॅमला, १९८७ व १९८९ सालीं मेलबर्नलाच, आणि जून १९९४ मध्यें लंडनला ती घडलेली होती. लंडनच्या त्या वादळानंतर तीस तासांत ६४० रुग्ण आले होते.

मग २०१६ सालीं सावधगिरीची सूचना कां मिळाली नाहीं? ज्ञान नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. विद्यापीठाची मंडळी पराग मोजीत होती आणि त्याचा अंदाजहि प्रसिद्ध करीत होती. हवामानखातें वादळाचा इशारा देत होतें. रुग्णालयांत दम्याचीं औषधें होतीं. तिघांजवळ तीन कागद होते. ते एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरण्याचें काम कोणाचेंच नव्हतें. वादळाचा इशारा ऐकणाऱ्यानें छपराचे पत्रे सांभाळले, परागाचा अंदाज वाचणाऱ्यानें हातरुमाल खिशांत टाकला, आणि दोन्ही मिळून होणारी गोष्ट दोघांच्याहि हिशेबाबाहेर राहिली.

ही उणीव पुढील ऋतूच्या आंत भरून काढण्यांत आली, हें व्हिक्टोरिया राज्याच्या शासनास भूषणावह आहे. ऑक्टोबर २०१७ पासून तेथें आरोग्यखातें, हवामानखातें आणि विद्यापीठ यांनीं मिळून वादळी दम्याचा अंदाज देण्यास आरंभ केला. राज्याचे नऊ विभाग पाडले. प्रत्येक विभागाला येत्या तीन दिवसांसाठीं हिरवा, नारिंगी वा तांबडा रंग द्यावयाचा. रंग ठरतो तो दोन गोष्टींच्या मेळावरून: त्या विभागांत गवताचा पराग किती असेल, आणि जोरदार झोत सोडणारें वादळ येण्याचा संभव किती. दोहोंपैकीं एकच गोष्ट असेल तर नकाशा तांबडा होत नाहीं. मोजणीचीं यंत्रेंहि केवळ राजधानींत न ठेवतां हॅमिल्टन, क्रेसविक, बेंडिगो, डूकी, चर्चिल अशीं दूरदूर पसरलीं, कारण शहरांत पोंचणारा पराग निघतो तेथून. २०१९ सालीं उपग्रहाच्या हिरवेपणावरून गवतांच्या फुलोऱ्याचा काळ ठरवून, कुरणाकुरणांतून किती पराग उठेल आणि वारा तो कोठें नेईल याचें गणित करणारी पद्धतिहि तेथील संशोधकांनीं प्रसिद्ध केली. युरोपांत कोपर्निकस ही यंत्रणा सबंध खंडाचा असा नकाशा काढते, आणि स्वित्झर्लंडच्या हवामानखात्यानें २०२३ पासून पराग आपोआप ओळखून तत्काळ मोजणाऱ्या यंत्रांचें जाळें चालविलें आहे.

या अंदाजांवर किती विसंबावें? मराठी माणसाला अंदाजांचा अनुभव पिढीजात आहे. पर्जन्यनक्षत्राचें वाहन बेडूक कीं कोल्हा हें पंचांगांत पाहून तो हंसतो, आणि पाहिल्याशिवाय राहतहि नाहीं. परागाचा अंदाज त्या जातीचा नाहीं, तो तपासून घेतां येतो. पण त्याची एक अडचण खरोखरीच बिकट आहे. मोठी घटना अनेक वर्षांत एकदां घडते. तेवढ्या काळांत तांबडा रंग अनेकदां लागेल आणि बहुतेक वेळां कांहीं घडणार नाहीं. लांडगा आला रे आला असें फार वेळां झालें कीं लोक खिडक्या उघड्या ठेवूं लागतात. रंग देण्यांत कंजुषी केली तर तो एक दिवस हातचा जातो. हा तोल गणितानें साधत नाहीं. कोणती चूक परवडते हें शेवटीं माणसांनींच ठरवावें लागतें. दहा मृत्यूंनंतर व्हिक्टोरियानें जादा इशाऱ्यांची चूक पत्करली, आणि ती योग्यच पत्करली असें म्हणावें लागतें.

आपल्या देशांत या कामाचा पाया घातला जात आहे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंतील व तेथील विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२१ सालीं त्या शहराचें परागपंचांग प्रसिद्ध केलें. कोणत्या महिन्यांत कोणत्या वनस्पतीचा पराग हवेंत असतो हें त्यांत दिलेलें आहे. पंचांग काळ सांगतें; स्थळ सांगत नाहीं. महाराष्ट्रांत तर स्थळाच्या नकाशाची निकड निराळ्या कारणानेंहि आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलेलें गाजरगवत आतां रस्त्यांच्या कडा, पडीक जागा आणि रेल्वेचे रूळ व्यापून देशभर पसरलें आहे, आणि त्याच्या परागानें व स्पर्शानें त्वचेचे व श्वासाचे विकार होतात. हें गवत कोठें आहे हें प्रत्येक नगरपालिकेच्या मुकादमास तोंडपाठ असतें. तें कागदावर उतरविण्यास उपग्रहाचीहि गरज नाहीं.

मेलबर्नमध्यें आतां तांबड्या दिवसाचे नियम घरोघरीं ठरून गेले आहेत. हे-फीव्हर असणाऱ्यानेंहि, दमा कधीं झाला नसला तरी, डॉक्टरांस भेटून ठेवावें. दमेकऱ्यानें प्रतिबंधक औषध वसंतभर रोज घ्यावें आणि इनहेलर हाताशीं ठेवावा. आणि वादळापूर्वींचा तो गार झोत सुटला कीं घरांत येऊन दारेंखिडक्या लावावीं, मोटारींत असल्यास बाहेरची हवा बंद करावी. परागाच्या मोसमांत, १ ऑक्टोबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत, कोणीतरी रोज सकाळीं यंत्रांतील चिकट पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं धरतें आणि ब्लॅक्ली यांच्याप्रमाणेंच एकेक कण मोजतें. आदल्या दिवशींच्या नकाशानें सांगितलें तें कितपत खरें ठरलें, हें त्या मोजणीशीं ताडून पाहिलें जातें.